पाटल्या गहाण ठेवून जर्मनी?

पत्र असं आहे (थोडं आटोपशीर केलं आहे):

ताई, मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बार्शीत राहते, कॉलेजसाठी रोज एसटीने सोलापूरला ये-जा करते. पप्पा एसटीत कंडक्टर आहेत. गेल्या महिन्यात कॉलेजात एका संस्थेचं सेमिनार झालं. जर्मनीत सहा आठवड्यांची 'ग्लोबल इंटर्नशिप' देतात म्हणाले. व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटांची मुलाखत झाली आणि दुसऱ्याच दिवशी निवडीचं पत्र आलं. फी दोन लाख दहा हजार, विमानाचं तिकीट वेगळं. चाळीस हजारांचा पहिला हप्ता महिनाअखेरपर्यंत भरायचाय. तिथल्या कंपनीचं नाव पूर्ण पैसे भरल्यावर सांगतात. व्हिसाचं विचारलं तर म्हणाले, टुरिस्टवर होतं, काळजी करू नका. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. पप्पा म्हणतात, आपल्या घरातलं पहिलं माणूस विमानात बसेल. मामा म्हणतात, घरी बसून ऑनलाइन इंटर्नशिप कर, फुकट असते. पण माझ्या मैत्रिणीने तशा तीन केल्या, तिला कुणी विचारलंही नाही. खरं सांगायचं तर मी बार्शीबाहेर एकटी कधी राहिलेले नाही. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. मला बाहेर पडायचंय. काय करू?

उत्तर:

पैसे भरू नकोस. चाळीस हजारांचा हप्ता नको आणि उद्या त्यांनी 'जागा राखून ठेवायला फक्त पाच हजार' म्हटलं तर तेही नकोत. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण तुझी मुदत महिनाअखेरची आहे आणि माझं बाकीचं उत्तर लांबणार आहे.

व्हिसाबद्दल त्यांनी तुला जे सांगितलं, तेवढ्या एका वाक्यावर हा विषय संपायला हवा होता. जर्मनीत पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाला काम करता येत नाही आणि इंटर्नशिप हे तिथल्या कायद्याच्या दृष्टीने कामच आहे, पगार मिळो न मिळो. बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याला तिथे इंटर्नशिप करायची तर जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते आणि त्या कामाचाच व्हिसा मुंबईच्या जर्मन वकिलातीमार्फत घ्यावा लागतो. त्यासाठी यजमान कंपनीचं नाव, कामाचं स्वरूप, तारखा, तुझ्या कॉलेजचं पत्र हे सगळं कागदावर हवं. म्हणजे कंपनीचं नाव गुप्त ठेवून हा व्हिसा निघूच शकत नाही. टुरिस्ट व्हिसावर जाऊन पकडली गेलीस तर संस्थेचं काही जात नाही. परत पाठवलं जाईल ते तुला, आणि पुढे कधी एमएससाठी अर्ज केलास तर त्या फॉर्मवर याचं उत्तरही तुलाच द्यावं लागेल.

अमेरिकेचं उदाहरण घे, म्हणजे खरी वाट कशी असते ते कळेल. तिथे इंटर्नसाठी जे-१ नावाचा वेगळा व्हिसा आहे. त्यात मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था कागद देते आणि त्याआधी एक प्रशिक्षण आराखडा भरावा लागतो. कोणत्या विभागात बसणार, कोण शिकवणार, काय शिकणार, किती मानधन, सगळं त्यात लिहायचं असतं आणि विद्यार्थी, कंपनी, प्रायोजक अशा तिघांच्या सह्या लागतात. तुझ्या निवडपत्रात शिकवणाऱ्या माणसाचं नाव आहे का बघ. नसणारच.

आता पैशांचं. गवंडी भिंत बांधायला आला आणि संध्याकाळी त्यानेच घरमालकाच्या हातावर रोजंदारी ठेवली, असं बार्शीत कधी पाहिलंस का? विद्यार्थ्याला पगार कमी मिळतो हे समजण्यासारखं आहे. कधी मुळीच मिळत नाही, तेही कायद्यात बसू शकतं. जर्मनीतच अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असलेल्या इंटर्नशिपला किमान वेतन लागू होत नाही. पण ज्याला तुझं काम हवंय तो तुझ्याकडून दोन लाख घेत नाही. इथे दोन लाख कुणाला जातात? कंपनीला बहुधा छदामही जात नसेल. मधला माणूस तुला ग्राहक समजतो, आणि ग्राहकाची मुलाखत पंधरा मिनिटांत होते, दुसऱ्या दिवशी निवडही होते.

फी घेणारे सगळेच लबाड असतात असं मात्र मी म्हणणार नाही. आयसेक ही विद्यार्थ्यांनी चालवलेली जुनी संघटना आहे, १९४८ पासूनची. ती कार्यक्रमाची फी घेते, पण किती आणि कशाची ते उघड सांगते, आणि यजमान कोण हे आधी कळतं. आयेस्टे ही तांत्रिक शाखांच्या विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करणारी संघटनाही त्याच वर्षी सुरू झाली. तिथे एका देशाने जागा द्यायच्या आणि बदल्यात आपले विद्यार्थी पाठवायचे असा हिशेब असतो. परदेशी विद्यापीठांच्या उन्हाळी शाळाही फी घेतात. पण तो अभ्यासक्रम असतो आणि ते त्याला अभ्यासक्रमच म्हणतात. परवडत असेल त्याने खुशाल जावं. आईच्या पाटल्यांवर जाण्याची ती जागा नाही.

एक इशारा देते, तुझ्या संस्थेशी त्याचा संबंध नसेल तरी. २०२२ च्या सप्टेंबरात आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सूचना काढली होती. थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून आयटी शिकलेल्या मुलांना नेत होते आणि तिथून बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबत होते. त्यातल्या बहुतेकांना नोकरीचं पत्र सोशल मीडियावरून किंवा दलालाकडून मिळालेलं होतं आणि मुलाखतही सोपी झालेली होती. परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या दलालाला सरकारी नोंदणी लागते आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत दलालांची यादी पाहता येते. इंटर्नशिप विकणारे 'आम्ही नोकरी देत नाही' म्हणून या यादीतून निसटतात. म्हणून तर कागद नीट वाचायचे.

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मैत्रिणीचा अनुभव मात्र पूर्ण बरोबर आहे. तिने केल्या तशा ऑनलाइन इंटर्नशिपचा आपल्याकडे कारखानाच निघालाय. अर्ज केल्यावर दोन तासांत ऑफर लेटर येतं. ते लिंक्डइनवर टाकून कंपनीला टॅग करायची अट असते. मग कॅल्क्युलेटर बनवा, टू-डू लिस्ट बनवा अशी चार कामं देतात, जी इंटरनेटवर आयती सापडतात. तुमचं काम कुणी उघडूनही बघत नाही. शेवटी प्रमाणपत्र 'व्हेरिफाय' करायचे एकशेनव्याण्णव रुपये. काही ठिकाणी तर इंटर्नचं काम म्हणजे आणखी इंटर्न गोळा करणं. माझ्याकडे नोकरीसाठी येणाऱ्या रेझ्युमेंमध्ये असे उल्लेख सर्रास असतात आणि मी ते ओलांडून पुढे जाते. मुलांचा दोष नसतो, पण त्यात वाचण्यासारखंच काही नसतं. फोरेजसारख्या संकेतस्थळांवर मोठ्या कंपन्यांच्या नावाने छोटे सराव फुकट करता येतात. ते करून बघायला हरकत नाही, पण त्याला सरावच म्हण. रेझ्युमेत इंटर्नशिप म्हणून लिहिलंस तर पहिल्याच प्रश्नाला अडकशील.

तुझ्या प्रश्नात जर्मनी की घर असा पेच आहे. माझ्या मते तो पेच चुकीच्या जागी पडलाय. इंटर्नशिप जर्मनीत असो, भोसरीत असो की तुझ्या घरच्या खोलीत, तुझं काम वाचून 'हे चुकलंय, इथे असं कर' म्हणणारा कुणी एक जाणता माणूस आहे का, एवढं बघायचं. तो असेल तर बार्शीतून केलेली इंटर्नशिपही खरी. तो नसेल तर म्युनिकमध्ये सहा आठवडे तू फोटो काढशील, इतकंच.

असा माणूस घरबसल्या, एक पैसा न देता मिळतो, तोही तुझ्या विषयात. आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा केंद्र सरकारच्या मदतीने चालणारा प्रकल्प आहे. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर वापरलं जावं यासाठी तो काम करतो. त्यांचं ईसिम हे सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे. आत केआयकॅड आणि एनजीस्पाइस ही मुक्त साधनं वापरलेली आहेत. तुमच्या प्रयोगशाळेत ज्या महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत चालते, त्याला हा सरळ पर्याय आहे. (चालते ना? तुझ्या सरांना मी विचारणार नाही.) फॉसी दरवर्षी फेलोशिप देतं. निवड मार्कांवर नसते. आधी एक काम दिलं जातं, ते करून दाखवायचं. बार्शीच्या मुलीला आणि आयआयटीच्या मुलाला तेच काम.

आता गंमत बघ. हे केआयकॅड १९९२ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबलमध्ये जाँ-पिएर शारा या प्राध्यापकाने लिहायला घेतलं. पुढे जिनिव्हाच्या सर्न या प्रयोगशाळेने त्याच्या विकासाला माणसं आणि पैसा दिला, कारण त्यांना आपली इलेक्ट्रॉनिक्सची डिझाइन्स जगासाठी खुली ठेवायची होती. तू ईसिममध्ये एखाद्या आयसीचं मॉडेल नीट बसवलंस, त्यातली एक चूक शोधलीस, तर तुझं काम याच साखळीत जाऊन बसतं. फीच्या पावतीवर असली कुठलीच ओळख मिळत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे गूगल समर ऑफ कोड, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थांच्या प्रकल्पांत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करायचा गूगलचा कार्यक्रम. २००५ पासून चालू आहे, पूर्ण घरून करायचं असतं आणि मानधन मिळतं. रक्कम देशातल्या खरेदीशक्तीनुसार ठरते, म्हणून अमेरिकेतल्या मुलापेक्षा आपल्याला कमी मिळते. त्यावर रागवायचं तर रागव, पण तुझ्या घरच्या हिशेबात ती रक्कम मोठीच असेल. नावावरून हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं वाटतं, पण बीगलबोर्ड, जीएनयू रेडिओ, मुक्त चिप डिझाइनवाली फॉसाय फाउंडेशन यांनीही त्यात भाग घेतलेला आहे. तुझ्या शाखेचंच काम आहे ते. भाग घेणाऱ्या संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत लागते, प्रस्ताव मार्च-एप्रिलमध्ये द्यायचे असतात आणि एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त तीन देता येतात. इथे बहुतेक मुलं एक चूक करतात. यादी लागल्यावर जागी होतात आणि प्रस्ताव एआयकडून लिहून घेतात. मार्गदर्शकाला तो पहिल्या परिच्छेदात ओळखू येतो. निवड होते ती ज्याची त्यांना आधीपासून ओळख आहे त्याची. ओळख म्हणजे वशिला नव्हे. डिसेंबरपासून त्यांच्या चर्चेत दिसणारं नाव, दोन-तीन छोट्या दुरुस्त्या पाठवलेलं नाव. म्हणून तुझी सुरुवात या दिवाळीच्या सुट्टीत व्हायला हवी. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिक, केआयकॅडसारखं एक साधन स्वतः बिल्ड करून चालव, त्यात जिथे अडलीस ते नीट लिहून कळव. माहितीपुस्तिकेतली एक चुकीची ओळ सुधारून पाठवलीस तरी ते योगदानच असतं.

आउटरीची हा आणखी एक कार्यक्रम आहे. तंत्रज्ञानात ज्यांना जागा कमी मिळते अशांसाठी, त्यात मुली आल्याच. तीन महिन्यांचं काम, सात हजार डॉलर मानधन, सगळं घरून. मे महिन्याच्या तुकडीचे अर्ज आजवर जानेवारीत निघत आले आहेत. त्यात सुरुवातीला निबंधवजा प्रश्न असतात. तू रोज एसटीने किती तास प्रवास करतेस, तुझ्या वर्गात मुली किती, लॅबमध्ये सोल्डरिंग गन कुणाच्या हातात जाते आणि वही कुणाच्या, हे लिही. खरं तेवढंच लिही, रडगाणं नको.

परदेशातल्या एखाद्या प्राध्यापकाला थेट मेल लिहून दूरस्थ काम मागायचं असेल तर तेही होतं, पण आपली मुलं ज्या पद्धतीने लिहितात तसं नाही. 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हायली इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅबोरेटरी' असा एकच मेल दोनशे जणांना जातो, कधी तर मागच्या प्राध्यापकाचं नाव तसंच राहिलेलं असतं. त्याऐवजी पाच जणांचे शोधनिबंध खरंच वाच. प्रत्येकाला दीडशे शब्द. अमुक निबंधातलं तमुक सर्किट मी ईसिममध्ये करून पाहिलं, माझ्या आलेखात असा फरक येतो, तो कशामुळे असेल, सोबत फाइल जोडली आहे. मग शेवटी एक ओळ की तुमच्याकडे घरून करता येण्यासारखं छोटं काम असेल तर मला आवडेल. दोन आठवडे वाट बघ, एकदा आठवण कर, मग सोडून दे. पाचांतल्या चौघांचं उत्तर येणार नाही असंच धरून चाल. एकाचं आलं तरी पुरे.

इंग्रजी बोलताना अडखळतेस त्याची धास्ती घेऊ नकोस, पण दुर्लक्षही करू नकोस. अशा कामात नव्वद टक्के व्यवहार लेखी चालतो. तुला वाचता येतं म्हणजे लिहिताही येईल. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडकले, असं रोज तीन वाक्यांत लिहायची सवय लाव. आपल्याकडची मुलं अडकल्यावर चार दिवस गप्प बसतात, कारण विचारलं तर आपण ढ वाटू अशी भीती असते. तिकडे उलट आहे. चार दिवस गप्प बसलेल्या मुलाची त्यांना काळजी वाटते, मग वैताग येतो. कॉलवर समजलं नाही तर 'पुन्हा सांगाल का, चॅटमध्ये लिहाल का' म्हणायला काहीच हरकत नसते. तिकडचे लोकही जपानी, ब्राझिली, पोलिश असतात. त्यांचं इंग्रजीही काही राणीचं नसतं.

वेळेचं गणित आईला आधी समजावून ठेव. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, तेव्हा बर्लिनच्या दुपारी दोनच्या मीटिंगला बार्शीत साडेपाच झालेले असतात. हे सोयीचं आहे. बोस्टन साडेनऊ तास मागे, म्हणजे त्यांच्या दुपारी बाराला तू रात्री साडेनऊला कॉलवर. पप्पांची पहाटेची ड्यूटी असेल त्या दिवशी घरात कुजबुजत बोलावं लागेल. लाइट जाते, नेट जातं, म्हणून फोनचा हॉटस्पॉट तयार ठेव आणि 'आमच्याकडे वीज गेली, तासाभरात येते' असं कळवायला लाजू नकोस. सोलापूर विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि कामाचे पहिले आठवडे एकमेकांवर येतील, ते प्रस्तावातच लिहून टाक. आधी सांगितलेली अडचण कुणी मनावर घेत नाही.

मानधनाचे डॉलर येणार असतील तर पॅन कार्ड आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं हवं आणि खात्यावरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं. गूगलचा कार्यक्रम पेओनियर या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवेमार्फत पैसे देतो. थेट बँकेत येणार असतील तर शाखेकडून स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येण्यासाठी बँकेचा सांकेतिक क्रमांक) घे. लहान शाखेत 'तो काय असतो' विचारतील, तेव्हा मुख्य शाखा गाठ. आलेल्या पैशांची कागदपत्रं जपून ठेव, ते उत्पन्न आहे. आणि 'तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, कमिशन ठेवा' असं जर इंटर्नशिपचं काम निघालं तर त्याच क्षणी बंद कर. ते खातं गुन्ह्यात वापरलं जातं आणि पोलीस तुझ्या दारात येतात. असं काही घडलंच तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे येते. मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची तीच होती आणि तू ती घाईत लिहिलीस. तुला बाहेर पडायचंय. घरून केलेलं कुठलंही काम ही गरज भागवत नाही, कितीही नावाजलेलं असलं तरी. अनोळखी गावात खोली शोधणं, घरमालकिणीशी डिपॉझिटवरून बोलणं, ताप आलेला असताना स्वतःच पेज करून पिणं, साहेबाला 'हे मला जमणार नाही' म्हणणं, हे स्क्रीनवर येत नाही. मामांना हे कळत नाहीये आणि पप्पांना नेमकं हेच कळलंय, फक्त त्यांच्यासमोर त्यासाठी विमान सोडून दुसरं वाहन कुणी ठेवलं नाही.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात सहा-आठ आठवडे घराबाहेर राहायचंच असं ठरव, पण पहिला मुक्काम राज्यात किंवा देशात असू दे. तुझ्यासाठी एक जागा मुद्दाम सांगते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. तुझ्या पुस्तकातलं अँटेना, लो नॉइज अ‍ॅम्प्लिफायर, सिग्नल प्रोसेसिंग तिथे शेतांच्या मधोमध उभं आहे. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात. तिथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी घेतले जातात. ती चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय केंद्राच्या संकेतस्थळावर लक्ष ठेव. विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही खुली असते. देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि विद्यावेतन देतात. तिचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधीच बंद होतात, म्हणजे तुझ्याकडे वेळ थोडा आहे. शिफारसपत्रासाठी सरांना आजच गाठ.

हे काहीच जमलं नाही तर भोसरी किंवा चाकणमधला पीसीबीचा, म्हणजे सर्किट बोर्डांचा, छोटा कारखाना. खरंच सांगते, सहा आठवडे टेस्टिंगच्या टेबलावर बसून परत आलेले बोर्ड दुरुस्त करणारी मुलगी मला मुलाखतीत दोन लाखांच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त आवडेल. कोणता बोर्ड बिघडला होता, तुला कसं कळलं, हे ती सांगू शकते.

परदेशाची दारं बंद कर असं मी म्हणत नाही. ज्या दारातून जाताना ते तुला पैसे देतात, ती ठोठाव. सर्नचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम आहे. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, अर्ज जानेवारीअखेरपर्यंत असतात आणि उन्हाळ्यापर्यंत तुझी तीन वर्षं पुरी होतील म्हणून तू बसतेस. स्पर्धा भयंकर आहे, तरी भर. डाड या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचा वाइज कार्यक्रम खास भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे, पण तो ठरावीक संस्थांच्या विद्यार्थ्यांनाच मिळतो आणि जर्मन प्राध्यापक आपला आपण शोधायचा असतो. आधी यादीत कॉलेजचं नाव आहे का बघ, नसेल तर वेळ घालवू नकोस. त्याच डाडचा राइज नावाचा कार्यक्रम दिसेल, तो उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि आयर्लंडच्या विद्यापीठांतल्या मुलांसाठी आहे. मुलं या दोघांत हमखास गोंधळतात. कॅनडाच्या मिटॅक्स ग्लोबलिंक या संशोधन इंटर्नशिपची मुदत सप्टेंबरात संपते, ती गेली. जपानच्या ओकिनावातली ओआयएसटी आणि ऑस्ट्रियातली इस्टा या संशोधन संस्थाही बाहेरच्या विद्यार्थ्यांना खर्च देऊन बोलावतात. यातली कुठलीच जागा पंधरा मिनिटांत 'निवड झाली' म्हणत नाही.

काहीही ठरवलंस तरी आधी टीपीओंकडे, म्हणजे कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे जा. ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंगचे) श्रेयांक घरून केलेल्या परदेशी कामाला मिळतात का, हे काम संपल्यावर नव्हे, आधी विचार. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या धोरणात एका श्रेयांकाला साधारण ४० ते ४५ तासांचं काम धरतात, म्हणून मार्गदर्शकाकडून तास लिहिलेलं पत्र घ्यावं लागेल. तोंडी 'हो हो, होऊन जाईल' वर राहू नकोस, मेलवर घे.

पप्पांशी कसं बोलायचं? 'ही फसवणूक आहे' असं सुरू करू नकोस. ज्या माणसाने लेकीला विमानात बसवायचं स्वप्न चार लोकांना सांगून टाकलंय, त्याला ते अपमानासारखं लागेल. त्यांच्यासमोर आकडे ठेव. तुला पुढे जर्मनीतच मास्टर्स करायचं झालं तर तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. म्हणजे बारा लाखांच्या आसपास. ते पैसे तुझेच राहतात, महिन्याला थोडे थोडे तुलाच परत मिळतात. आज सहा आठवड्यांवर जे दोन लाख दहा हजार आणि वर तिकीट जाणार आहे, तो त्यातला मोठा तुकडा आहे. पाटल्या गहाण पडायच्याच असतील तर दोन वर्षांनी, पदवीसाठी पडू देत, असं मी आईला सांगेन. विमानाचं म्हणशील तर मुंबईला मुलाखतीला जाताना बसवा म्हणावं पप्पांना, दोघेही बसा.

पासपोर्ट मात्र आताच काढ. साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये लागतात. आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव तंतोतंत एक आहे का ते आधी तपास. सर्न असो की ओकिनावा, निवड झाल्यावर धावपळ करायला वेळ नसतो.

आणि त्या संस्थेला नकार फोनवर देऊ नकोस. फोनवर ते तुला गुंडाळतील, 'मॅडमशी बोला' करतील, सवलत देतील. मेल लिही आणि त्यातच तीन गोष्टी विचार: यजमान कंपनीचं नाव आणि तिथल्या माणसाचा कंपनीच्या पत्त्यावरचा ईमेल, रोजगार संस्थेच्या संमतीचा अर्ज कुणी आणि कधी केला, आणि व्हिसाचा प्रकार लेखी. आलेलं उत्तर, किंवा न आलेलं उत्तर, टीपीओंना दाखव, कारण सेमिनार त्यांच्याच हॉलमध्ये झालं होतं. वर्गातही विचारून घे, असं निवडपत्र आणखी किती जणांना आलंय. माझा अंदाज आहे, मुलाखत दिलेल्या सगळ्यांना.